आल्हादचा भाग

माझी मुलगी वल्लरी तिच्या बाबांवर गेली आहे. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते; मीटर काय म्हणतो ते आधी, माणूस काय म्हणतो ते नंतर. हिलाही कुणी 'करतो' म्हटलेलं पुरत नाही. झालेलं दिसावं लागतं.

विमानावरच्या अँटेनातून लाटा कशा निघतात आणि विमानाच्या अंगावर आपटून कुठे विखुरतात, हे ती कॉम्प्युटरवर काढते. त्यावरच तिची पीएच.डी. आहे. अँटेनाजवळची जागा बारीक तुकडे करून मोजायची. अख्खं विमान तसं मोजायला घेतलं तर मशीन आडवं होईल, म्हणून उरलेल्याला वेगळी रीत, नुसत्या पृष्ठभागावरून. मग दोन्ही रीती हद्दीवर जोडायच्या. जवळचा भाग वल्लरीचा, लांबचा आल्हादचा.

आल्हाद तिच्याच कॉलेजात, भौतिकशास्त्राचा. त्याचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगतात. दोघांचं लग्न ठरलं होतं. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. लाटेचा फेरा कोणत्या दिशेने मोजायचा, यात वल्लरीसारख्या इंजिनिअरांची रीत एक आणि भौतिकवाल्यांची बरोबर उलटी. मला ते कळेना, तेव्हा आल्हादने समजावलं, "काकू, आपल्या श्रावणातला वद्य पक्ष उत्तरेकडच्या यजमानांचा भाद्रपद असतो. दोघंही बरोबर. बाबा संकल्प सांगताना त्यांचाच महिना म्हणतात."

"मग तूही माझा महिना म्हण की," वल्लरी म्हणाली.

"करतो, इन्स्पेक्टरबाई."

तो 'करतो' म्हणतच राहिला. दिवाळीनंतर गंगापूर रोडच्या आमच्या घरी ती त्याच्यावर फार चिडली. तुझ्या भरवशावर बसले तर म्हातारी होईन, असं बोलली. तो अर्धा चहा टाकून गेला. त्याच आठवड्यात त्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत.

दिवस-कार्य झाल्यावर ती कामाला बसली. आल्हादने काही बदललेलं नसणार हे धरून तिने हद्दीवर स्वतःच एक ओळ घातली: त्याच्या भागातून येईल ते उलटवून घ्यायचं. त्याचा भाग तिने आतून उघडलाच नाही. तिला ते जमत नव्हतं. उत्तरं जुळेनात. हद्दीवर येऊन सगळं तुटायचं. मी दिलेला डबा कॉलेजातून तसाच परत यायचा. शेवटी तिचे सर म्हणाले, आल्हादचा भाग सोडून दे, तयार सॉफ्टवेअर वापर, डिग्री तरी हातात येईल. त्याचं नाव ऋणनिर्देशात घाल. ते समजावूनच सांगत होते. ही घरी येऊन मला म्हणाली, तो उशीर करेल, पण इतका चुकणार नाही.

सरांना उत्तर द्यायच्या आधी तिने त्याचा भाग एकटाच चालवून पाहिला, धातूच्या साध्या गोळ्यावर. गोळ्याचं उत्तर या लोकांना आधीपासून माहीत असतं. आलेलं उत्तर बिनचूक होतं, आणि तिच्याच रीतीचं होतं. त्याने बदल केव्हाच केला होता. ती उलटवलेलंच पुन्हा उलटवत होती.

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ती समोर येऊन बसली आणि दोन-चार काड्या हातात घेतल्या.

"आई, त्याने केलं होतं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही त्याने?

"त्या आठवड्यात मी त्याचे फोन घेत नव्हते."

दुसऱ्या दिवशी तिने ती ओळ काढली. दोन्ही भाग जुळले. सर खूश आहेत. आल्हादचा भाग त्याच्या नावासकट प्रबंधात राहणार. मी पेढे आणले. तो पुडा अजून सुतळीसकट फ्रिजवर आहे. मला वाटलं होतं, आता ही जेवेल. पण इतके महिने ती त्याच्यावरच्या रागावर उठत होती, बसत होती. तो रागही आता गेला.

तिच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज यायचा तेव्हा मी तिच्या डोळ्यांची काळजी करायचे. आज आवाज नाही. मघाशी जाऊन पाहिलं, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी. "दार लोटून घे," म्हणाली. मी लोटून घेतलं. आतली कडी मी सोमवारीच सुताराकडून काढून घेतली आहे. तिने अजून त्याबद्दल विचारलेलं नाही.