लेडीज तंबोरा, जेंट्स तंबोरा

बायकांनी काळी चारमध्येच गायचं, हा आमच्या साताऱ्याच्या क्लासातला कायदा. पेटीची चौथी काळी पट्टी हाच प्रत्येक मुलीचा सा, मग तिचा गळा कसाही असो. माझा आवाज लहानपणापासून खालचा. फोनवर लोक मला अजून 'दादा' म्हणतात. तरी बारा वर्षं मी त्याच पट्टीत गात राहिले. वरच्या गंधाराला पोचेपर्यंत मानेच्या शिरा टरारून फुगायच्या आणि सर म्हणायचे, "रियाज कमी पडतोय." ज्येष्ठमध चघळून चघळून मला त्याचा वीट आला. शेवटी स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी दोन महिने बोलणंसुद्धा बंद केलं आणि बजावलं, परत असा ताण दिलात तर गाणं विसरा.

"रियाजाची पद्धत चुकली असेल," सर म्हणाले. म्हणजे चूक परत माझीच!

मौन सुटल्यावर मी स्वतःचा तंबोरा घ्यायला मिरजेला गेले. पारखायला सर सोबत होते. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागीर चाचांनी मला बघून लहान भोपळ्याचा लेडीज तंबोरा काढला, माझा 'नमस्कार' ऐकला आणि तो परत ठेवून दिला.

"बेटी, नुसता आ लाव. जोर लावू नगंस."

मी लावला. त्यांनी मोठा जेंट्स तंबोरा घेतला आणि खुंट्या पिळत तारा माझ्या आवाजाला आणून मिळवल्या. "ह्यो तुझा सा. काळी दोन. लय गोड हाय की."

"ती पुरुषांची पट्टी," सर म्हणाले. "बाईला शोभत नाही."

"आवं सर, गळा तिचा हाय न्हवं?"

माझं डोकं सणकलं. परक्या माणसाला जे दोन मिनिटांत कळलं, ते यांनी बारा वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. ओरडायचं नाही हे विसरून मी ओरडले, "सर, तुम्ही माझा आवाज कधी ऐकलात का हो?" सर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

मी मोठा तंबोरा घेतला आणि क्लास सोडला. सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मुकाट्याने मान डोलावत बसलेल्या स्वतःचा तर त्याहून जास्त येतो.

परवा पहिल्यांदाच सलग तासभर गायले. गळा जरासुद्धा दुखला नाही. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी तंबोरा भिंतीला टेकवला आणि ढसाढसा रडले. गाताना दुखणारच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.