प्रत्येक प्रश्नाला अल्हम्दुलिल्लाह

मुलांनो, तुमच्या शाळेतही कुणी शिंकल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणत असेल. अरबी शब्द आहेत. अर्थ, सगळी स्तुती अल्लाहची. जेवण झालं की म्हणतात, कुणी खुशाली विचारली की म्हणतात. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरून म्हटलं, तर समजायचं की पोट भरलंय, आता आग्रह नको. हे सगळं मला आपाने शिकवलं. आपा म्हणजे माझी मैत्रीण. जळगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, ती भूगोल. निवृत्त झाल्यावर ती धुळ्याला मुलाकडे राहायला गेली. तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की मी तिला फोन करते. तुमचे आजोबा गेल्यानंतर दिवसभरात माझं मनापासूनचं बोलणं होतं ते तेवढंच.

तिच्या त्या उत्तरावर मात्र माझा कधीच पूर्ण विश्वास बसला नाही. तब्येत विचारली तर अल्हम्दुलिल्लाह. यातून बरं आहे की अंगात ताप आहे, काय समजायचं? शाळेत असताना एकदा तिला तसं बोलून दाखवलं होतं.

“तुला काय टक्केवारी पाहिजे का, मॅडम?” ती म्हणाली. मग तिने नीट समजावलं. सुखात तर म्हणायचंच, पण दुःखातही म्हणायचं, कारण जे येतं ते त्याच्याकडूनच येतं. मात्र ते स्वतःच्या दुःखात. “तुझा पाय मोडला आणि मी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, तर तू दुसऱ्या पायाने मला लाथ घालशील.”

गेल्या उन्हाळ्यात मी न्हाणीघरात घसरले आणि मनगट सुजलं. संध्याकाळी आपाला सांगितलं. “अल्हम्दुलिल्लाह,” ती म्हणाली, तेही अगदी प्रसन्न आवाजात.

आधी मला राग आला. मग शंका आली, आणि शंका आली की मी बारकाईने ऐकायला लागते, ही शिक्षकाची सवय. पूर्वी फोन आपा स्वतः उचलायची; आता सून उचलत होती. आपाचा आवाज लांबून यायचा, म्हणजे फोन स्पीकरवर ठेवलेला आणि आमचं बोलणं घरात सगळ्यांना ऐकू जात असणार. पूर्वी ती माझं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. आता मी बोलत राहायचे आणि शेवटी तेच एक उत्तर यायचं. मुद्दाम सांगून पाहिलं की बोदवडची माझी बहीण आजारी आहे. अल्हम्दुलिल्लाह. शेवटी हळू आवाजात विचारलं, “आपा, तुझ्याजवळ कुणी बसलंय का?” त्यालाही अल्हम्दुलिल्लाह.

समोर कुणी डोळे वटारून बसलं असेल, तर माणूस असंच एखादं बिनधोक उत्तर धरून ठेवतो. मुलाचं म्हणत असले तरी ते घर आपाच्या नावावर आहे हे मला माहीत होतं. सुनेला मी लग्नात पाहिली होती; गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यांबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या बाबांना काही कळवलं नाही. “आई, तू उगाच संशय घेतेस,” एवढंच तो म्हणाला असता. सकाळी उठून धुळ्याची एसटी धरली.

शेजारच्या सीटवर धरणगावची एक बाई होती. “धुयाले कोन शे तुमनं, अक्का?” तिने विचारलं.

“मैत्रीण आहे.”

“बिमार शे का?”

“तेच बघायला चालले आहे,” मी म्हटलं. तिने आपल्या पिशवीतली दोन केळी माझ्या हातात ठेवली आणि पुढे काही विचारलं नाही.

दार सुनेने उघडलं. “खाला, तुम्ही? फोन तरी करायचा.”

“फोन तर रोजच करते,” मी म्हटलं. तिने नजर चुकवली. आता माझी खात्रीच झाली.

आपा मागच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी दारातून हाक मारली. तिने मान वळवली नाही. पुन्हा जोरात मारली, तरी नाही. सून माझ्यामागे उभी होती. “समोर जाऊन उभ्या राहा, खाला,” ती म्हणाली. “अम्मींना आता मागून ऐकू येत नाही. समोरूनही कमीच.”

मला बघून आपाच्या हातातलं सूप कलंडलं. चहा घेताना मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

“बहिऱ्या बाईला फोन कोण करतं?” ती म्हणाली. “सख्ख्या बहिणीला सांगितलं, तर ती आता सुनेशीच बोलते आणि ठेवून देते. म्हणून हिला कसम घातली, मॅडमला कळू द्यायचं नाही. तू आधी तब्येतच विचारतेस. पुढचं कळलं नाही की मी तेच म्हणायची. ते कधी चुकत नाही.”

“चुकलं,” मी म्हटलं. “माझं मनगट सुजलं होतं.”

हे मला दोनदा सांगावं लागलं. मग तिने माझा हात ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला. “तौबा. आणि मी काय म्हणाले?” मी सांगितलं. ती पदरात तोंड घालून हसत सुटली. सूनही हसली. मला हसायला जरा वेळ लागला.

आता आपाच्या कानात मशीन बसवलं आहे. स्वच्छ ऐकू येतं, असं ती सांगते. सूनही तसंच सांगते, पण कसम घातली की ही मुलगी काय लपवू शकते ते मी पाहिलं आहे. म्हणून मी आता तब्येत आधी विचारत नाही. आज भाजी कोणती केली, ते विचारते.

“परीक्षा घेतेस का माझी?” आपा म्हणते.

“हो,” मी म्हणते.

काल उत्तर आलं, “गिलके. मीठ जास्त पडलंय.” मग मी तब्येत विचारली, आणि जे उत्तर आलं ते मानून घेतलं.