मंगलची शनिवारची बैठक

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत उभी होते. पुकारा झाला, आत जाऊन पुढची तारीख घेतली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. आता महिना होऊन गेला, तरी काही घडलं की तिला सांगायला हात फोनकडे जातोच...

मंगल समुपदेशक होती. घरात मार खाणाऱ्या बायका आणि कोर्टाने पाठवलेले त्यांचे नवरे, दोघांनाही सीबीएस बसस्थानकाजवळच्या तिच्या खोलीत यावं लागे, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. तिथला पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त. कोर्ट सुटलं की मी तिथे जाऊन टेकायची. ती मला ‘वकीलबाई’ म्हणून चिडवायची, मी तिला ‘जगाची मावशी’ म्हणायची. अशा कामातल्या बायका सदा रडक्या असतील असं लोकांना वाटतं. आम्ही मात्र तिच्या डब्यातली मेथीची भाजी खात पोट दुखेपर्यंत हसायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

ती मूळची वणीची. सप्तशृंगीवर अपार श्रद्धा, आणि एकदा तिथेच ती फसली. मखमलाबादकडे फुलांचा मळा असलेल्या एका बाईला, तिला आपण संगीता म्हणू, नवरा मारायचा. समेटाच्या वेळी त्याने गडाच्या दिशेला हात जोडून देवीची शपथ घेतली. मंगलला तेवढं पुरलं. मी शंका काढली, तर म्हणाली, गडाची खोटी शपथ घेणारा अजून जन्माला यायचाय. दिवाळीच्या आधीच संगीता मोडलेलं मनगट घेऊन परत आली.

मंगलने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली.

“माझं चुकलं. मी देवीकडे बघितलं, तुझ्याकडे नाही बघितलं.”

मग आम्ही कोर्टात गेलो. संगीताला घर सोडावं लागू नये असा आदेश मिळवला. नवऱ्याने बाहेरच्या खोलीत राहायचं, अंगाला हात लावायचा नाही आणि दर शनिवारी दुपारी मंगल अशा नवऱ्यांची बैठक घ्यायची, तिला यायचं. त्यानंतर त्या खोलीत कुणाचीच शपथ चालली नाही. कुणी हात जोडू लागला की मंगल म्हणायची, हात खाली ठेवा, काय केलं ते सांगा. संगीताचा नवरा पुढे देवमाणूस झाला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. हात आवरला, तोंड नाही.

मंगलनंतर बैठक कुणी घ्यायची ते ठरेना. बंदच पडणार असं दिसू लागलं. तिच्या खोलीतलं सामान आवरत होते, तेव्हा संगीता दारात येऊन उभी राहिली. शनिवारचं बंद नका करू, म्हणाली. तो सुधारतोय असं वाटतं का, मी विचारलं.

“ते मला नाय माहीत, मॅडम. पण तो इथं असतो तेवढा टाइम मी दाराला कडी न लावता झोपते.”

मला एकदम आठवलं, मंगलची बैठक कधी वेळेवर संपायचीच नाही. पुरुष घड्याळाकडे बघू लागले की ती नवा विषय काढायची. बोलघेवडी आहे, दुसरं काय, असं मी समजत आले. तिला ठाऊक होतं का हे? विचारायला आता ती नाही...

गेल्या शनिवारी तिच्या खुर्चीत मी बसले. बोलणं संपलं, संगीताचा नवरा उठू लागला. म्हटलं, बसा, चहा येतोय. चहा मी सांगितलाच नव्हता.