गफ्फारभाईंची बिनधुराची मोटार

आमच्या वेळी रंगभूमीवर राक्षस यायचा असला, की विंगेतला माणूस पेटत्या मशालीवर मूठभर राळ फेकायचा. भप्पकन जाळ व्हायचा, धुराचा लोट उठायचा आणि त्यातून नट प्रवेश करायचा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. तो नट शरीरानं काडीपैलवान असला तरी धुरामुळे अक्राळविक्राळ वाटायचा. धूर दिसला म्हणजे मागून कुणीतरी बलवान येतंय, हे लोकांनी नाटकात शिकून घेतलं होतं की काय कोण जाणे, पण अमरावतीच्या मोटारस्टँडवरही हीच समजूत होती.

ही गोष्ट विदर्भ मुंबई राज्यात होता आणि महाराष्ट्र अजून व्हायचा होता, तेव्हाची. डिझेलच्या मोटारी नव्यानं आल्या होत्या. स्टँडवरून गाडी सुटताना ड्रायव्हर जागच्या जागी इंजिन असं काही ताणायचा की मागून काळाकुट्ट ढग निघायचा. या ढगाला 'सलामी' म्हणत. ज्याची सलामी जास्त काळी, त्याची गाडी जास्त दमदार. उतारू आधी सगळ्यांच्या सलाम्या पाहायचे, मग गाडी निवडायचे. म्हातारेकोतारे खोकत खोकत म्हणायचे, "हे घे! ह्याले म्हन्तात गाडी!"

त्या सलामीचा उस्ताद म्हणजे आमचे अब्दुल गफ्फार. उंच, किंचित वाकलेले, दाढीला मेंदी, डोक्यावर कधीकाळी पांढरी असलेली टोपी. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, तेव्हा ते गाडीच्या मागच्या टाकीत कोळसा घालणारे क्लीनर होते. पुढे ड्रायव्हर झाले, पुढे बायकोच्या माहेरची जमीन विकून स्वतःची गाडी घेतली. अमरावतीहून परतवाडा, तिथून घटांगचा घाट चढून सेमाडोहपर्यंत त्यांची फेरी असे. आमची नाटक कंपनी अकोल्याची, पण वर्षातला बराच काळ मुक्काम अमरावतीत, त्याच स्टँडच्या मागे. आम्हाला कुठं जायचं असलं की त्यांचीच गाडी. माझी बाजाची पेटी ते कधी टपावर चढवू देत नसत. म्हणायचे, "कुंदाबाई, हे पेटी माह्यापाशी राहीन. तिले हाडं हायेत, टपावर मोडतीन."

त्यांच्या गाडीच्या पंपाला एक स्क्रू होता. तो सैल केला की इंजिनाला डिझेल जास्त मिळायचं. मग गाडी साठ माणसं, टपावर मोहाची पोती आणि बकऱ्या घेऊनसुद्धा घाट चढायची. अर्थात जास्तीचं डिझेल पुरतं जळायचं नाही, ते काळं होऊन मागून निघायचं. सगळेच ड्रायव्हर हे करत. लबाडी म्हणून नव्हे, अगदी मोकळेपणानं. वीणेची खुंटी पिळावी तसं.

मग एके दिवशी स्टँडवर उद्धवराव पाठक उतरले. मोटार खात्याचे इन्स्पेक्टर. सरकारनं नवे नियम केले होते, त्यात गाडीनं विनाकारण धूर सोडू नये असं एक कलम होतं. ते कलम कागदावर वाचून फाईलमध्ये ठेवणारे खूप असतील. उद्धवरावांनी मात्र ते मनावर घेतलं. त्यांच्या हातात मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा होता, लाकडी चौकटीला ताणून बसवलेला. ते गफ्फारभाईंच्या गाडीमागे गेले आणि म्हणाले, "सुरू कर, ताण इंजिन."

गफ्फारभाईंना वाटलं साहेब कौतुकाला आले. त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी सलामी दिली. स्टँडवर टाळ्या पडल्या. ढग विरला तेव्हा चौकटीतलं कापड तव्यासारखं झालं होतं आणि उद्धवरावांचा अर्धा चेहराही.

"गाडी बंद," उद्धवराव रुमालानं नाक पुसत म्हणाले. "पंप नीट करून घे. मी स्वतः सील लावीन. त्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही."

"काहून साहेब? घरची चूल धूर नाई करत का?"

"करते. पण चूल कुणी बाजारात लोकांच्या तोंडापुढं धरून पळवत नाही."

लोक हसले. गफ्फारभाईंना ते हसणं झोंबलं. ते तरातरा घरी निघाले, आणि मी त्यांच्या घरी शेवया घ्यायलाच निघाले होते म्हणून मागोमाग.

त्यांचं घर स्टँडच्या भिंतीला लागून. ईद आठवड्यावर आली होती. त्यांच्या बायको कुलसुमबी शेवया करण्यात नावाजलेल्या; मोहल्ल्याच्या शेवया त्यांच्याकडून जायच्या. गच्चीवर खाटा टाकून, त्यांवर आडव्या बांधलेल्या बांबूंवर त्या धाग्यासारख्या शेवया वाळत घातल्या होत्या. गफ्फारभाई खालूनच ओरडले, "ऐकलं का! थो इन्स्पेक्टर गाडी बंद करून गेला! म्हन्ते धूर निंघते! कापड काळं झालं म्हन्ते!"

कुलसुमबींनी वरून डोकं काढलं. "कापड काहून आनलं त्यानं? अठी वर या म्हना. माह्या शेवया पाहा म्हना."

आम्ही वर गेलो. वाऱ्याच्या बाजूच्या बांबूवरच्या शेवया करड्या झाल्या होत्या. कुलसुमबींनी एक शेवई उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. बोटानं चोळली. तळहातावर काळी रेघ उमटली.

"दर सालची हेच गोष्ट हाय. पयले मी समजत होती, कोनाची चूल असन. मंग फजरले उठून पाह्यलं. तुमी गाडी सुरू करता, आन् सलामी थेट अठी येते. म्या रोज झटकून झटकून विकल्या. लोकं म्हन्तात, कुलसुमबीच्या शेवयाले काय खमंग वास येते!"

"मले सांगितलं कधी नाई?"

"सांगितलं ना. दोनदा. तुमी म्हनले, बरकतचा धूर हाय."

मी पदराआड हसले, पण गफ्फारभाई हसले नाहीत. तळहाताकडे पाहत उभे राहिले. खाली घरात रईसा, त्यांची मुलगी, खोकत होती. ती नेहमीच खोकायची, आणि आम्ही सगळे म्हणायचो पोरीची छाती नाजूक आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप सारखा करून घेतला. उद्धवरावांनी स्क्रूमधून तार ओवली आणि शिशाचं सील दाबलं. ते तुटलेलं दिसलं तर गाडीचा पास, म्हणजे रस्त्यावर चालवायचा परवाना, गेला. पास गेला म्हणजे गाडी गेली आणि गाडीशिवाय त्या घरात दुसरं काही नव्हतं. पण मला खरी अडचण वेगळी दिसत होती. सील राहिलं तरी गाडी जाणार होती. कारण उतारू राहणार नव्हते.

आणि तसंच होऊ लागलं. सलामी संपली. गफ्फारभाईंची गाडी स्टँडवरून निमूट निघायची, एखाद्या विधवेनं लग्नघरातून निघावं तशी. स्टँडवर तिचं नाव पडलं 'सीलबंद'. उत्तमराव नावाचे दुसरे गाडीमालक मोठ्यांदा ओरडायचे, "ज्याले पोचायचं हाय त्यानं अठी बसा! ज्याले हवा खायची हाय त्यानं सीलबंदात!" सील त्यांच्याही गाडीला लागलं होतं. ते तार तोडून जात आणि तपासणीच्या आधी मोटार खात्याच्या कचेरीत गोड बोलून, इंजिन उघडायचं होतं म्हणून सांगून, नवं लावून घेत. उद्धवराव एकटे, जिल्हा एवढा मोठा, चौकट एकच. माणसाला वाईट वाटावं असंच ते होतं.

गफ्फारभाईंचा क्लीनर मोतीराम चांगला मिशाळ बाप्या होता. तो रोज म्हणायचा, "मालक, पक्कड देऊ का? एक झटका. बस." गफ्फारभाई म्हणायचे, "पाहू." नाही असं कधी म्हणाले नाहीत. ते ठरवू शकत नव्हते, हे मला दिसत होतं.

अशातच आम्हाला सेमाडोहचं बोलावणं आलं. जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदारानं हंगाम संपल्याची खुशी म्हणून आमचा प्रयोग ठेवला होता. आमचे कंपनीमालक मोरोपंत काटकसरी आणि तापट, पण मी हट्ट धरला म्हणून सगळे सीलबंदात बसलो. परतवाड्याला त्या दिवशी बाजार होता. फार दिवसांनी गाडी भरली. गफ्फारभाईंना कुणाला नाही म्हणवेना. आमच्या पेट्या, पडदे, बाजारकरी, पोती, सगळं चढलं.

घटांगचा चढ लागला आणि अर्ध्यावर गाडीनं मान टाकली. मोतीरामनं उडी मारून चाकाखाली दगड लावले. चैत्रातलं ऊन अजून कललेलं नव्हतं. मागून उत्तमरावांची गाडी आली, आमच्या तोंडावर काळोख करून पुढं गेली, आणि त्या काळोखातून त्यांचा आवाज आला, "गफ्फारभाई! त्या सीलाले म्हना उतरून धक्का मार!"

मोरोपंत खवळले. "तोडा ती तार! ठेकेदार खुर्च्या मांडून बसला असेल. या जंगलात कोणता इन्स्पेक्टर झाडावर बसलाय?"

मोतीरामनं न विचारता पक्कड मालकाच्या हातात दिली. गफ्फारभाईंनी बॉनेट उघडलं. आम्ही कंपनीतली माणसं रस्त्यावर उतरून त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. रंगभूमीवर असा क्षण आला की तबलजी हात रोखतो. पक्कड तारेपर्यंत गेली. तिथंच राहिली.

"बरोबर हाय तुमचं, मोरोपंत," ते वळून म्हणाले. "जंगलात कोनी नाई पाहत. पन पहाटे मले हेच गाडी माह्या घराच्या भिंतीपाशी सुरू करा लागते."

मोरोपंतांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

गफ्फारभाईंनी बॉनेट बंद केलं आणि आवाज चढवला. "ज्याले चालता येते थो चालत वर जाईन! गाडी वर थांबते! पोती टपावरच राहू द्या."

एकच गलका झाला. पार्बताबाई नावाची एक म्हातारी, चुरमुऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली, खिडकीतून म्हणाली, "बसाचं टिकिट काढलं बाप्पा म्या. चालाचं नाई काढलं."

"तुमी बसा, मावशी. बुढे, लेकुरवाळ्या, सारे बसा. बाकी उतरा."

शेवटी आत पार्बताबाई, दोन लेकुरवाळ्या आणि माझी पेटी एवढीच राहिली. म्हातारी पट्टराणीसारखी ताठ बसली. हलकी झालेली गाडी गुरगुरली, दगड सुटले, आणि ती सावकाश चढू लागली. आम्ही मागून.

पूर्वीही घाटात असं उतरावं लागलं होतं कधीमधी. तेव्हा आम्ही नटमंडळी गाडीपासून लांब, नाकातोंडाला पदर लावून चालायचो. पोचल्यावर मिठाच्या गुळण्या केल्याशिवाय माझा आवाज उघडायचा नाही. आज मी गाडीच्या अगदी मागे, शिडीला हात लावून चालत होते. नळीतून वाफेसारखं काहीतरी निघत होतं, एवढंच. बाजूला मोहाच्या फुलांचा सडा पडला होता आणि त्याचा जड, गोड वास येत होता. कुणीतरी ओवी धरली. बाजारकरी बायकांनी ती उचलली. मोरोपंत पुढं चालत होते, पाठ करून, रागावलेले. तरी त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता.

गोष्ट इथं संपती तर सुखान्त झाला असता. पण प्रयोगाला उशीर झाला, ठेकेदार उखडला आणि मोरोपंतांनी त्यापुढे कंपनीला सीलबंदात पाय ठेवू दिला नाही. घाटाचे उतारू तर गेलेच. चालत चढणारी मोटार कुणाला हवी असते? पावसाळ्याच्या तोंडावर गफ्फारभाई उद्धवरावांकडे गेले आणि घाटाचा रस्ता सोडून सपाटीचा मागितला. उद्धवरावांनी ना शाबासकी दिली ना उपदेश केला. अर्जावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "मूर्तिजापूरवरून अकोला. तिथं चढ नाही. पण तिथं तू नवा आहेस, लोक ओळखत नाहीत."

खरंच ओळखत नव्हते. मी तेव्हा अकोल्याला घरी आले होते आणि पहिल्या दिवशी मुद्दाम स्टँडवर गेले. कुलसुमबी आणि रईसा पुढच्या बाकावर होत्या, नवा रस्ता पाहायला आलेल्या. गफ्फारभाई चाकापाशी बसून होते. चेहरा पहिल्या प्रवेशाच्या नटासारखा. शेजारच्या गाड्या सलाम्या देत होत्या आणि लोक तिकडे पळत होते. या गाडीत मोजकी माणसं.

एक धोतरवाला म्हातारा शेतकरी काठी टेकत आला. गाडीला मागून पाहिलं, पुढून पाहिलं, वाकून नळीत पाहिलं.

"ड्रायवर, गाडी सुरू हाय का बंद हाय?"

"सुरू हाय, काका."

"मंग धूर कुठी हाय?"

"नाई निंघत."

"बिघडली का?"

"नाई. हात लावून पाहा ना बॉनेटले."

म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली आणि पंजा बॉनेटवर ठेवला. इंजिनाची थरथर त्याच्या हातात, मग मनगटात शिरलेली मला दिसली. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहावा तसा. मग रस्त्यापलीकडे थांबलेल्या आपल्या सोबत्याकडे वळून ओरडला,

"अबे ये! अठीच बसू. जितीच हाय!"