मानपाडा ते ठाणे, ठाणे ते शहाड: उघड्या गाडीच्या दोन खांबांसाठी

त्या मंगळवारी सकाळी पूजा आटोपून मी कामगार ग्राइंडिंग करताना लावतात तसला चष्मा डोळ्यांवर चढवला, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि अण्णांची उघडी गाडी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्याच्या आमच्या घरातून बाहेर काढली. गाडीला पुढची काच नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेतं कारखान्यांना गेली तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी ही जुनी विलायती गाडी घेतली आणि शेवटी ती माझ्या नावावर केली. तिला छप्पर नाही. पुढे एक उभी सपाट काच आणि ती धरून ठेवणारे दोन बाजूंचे दोन पितळी खांब, एवढाच काय तो आडोसा. आमच्या घरात लग्न झालं की नवी नवरी गावदेवीच्या देवळातून पेटता दिवा घेते आणि विझू न देता घरच्या देवघरात आणते. माझी बायको याच गाडीतून दिवा घेऊन आली. अण्णा गाडी चालवत होते आणि काचेमागे ज्योत हलतही नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या भावाने, दादाने, ही गाडी एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीला दिली. साहेब सीटवर उभे आणि कार्यकर्ते काचेच्या चौकटीला लोंबकळलेले. दोन्ही खांब बुडातून तुटले, काच फुटली. दादा म्हणाला, "जुनं होतं, तुटलं. साहेब तर नाय ना पडले?" आता त्याच्याच मुलाचं, रोहनचं, लग्न ठरलं होतं. त्याआधी मला काच पुन्हा उभी करायची होती.

जुनी गाडी घेऊन या बाजूने ठाण्याला जाणार असाल तर पहाटे निघा. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रक सुरू झाले की धूळ थेट दातांत जाते. शिळफाट्याला हवालदाराने मला थांबवलं, खालवर पाहिलं आणि म्हणाला, "काका, गाडीतून उतरताना दरवाजा तरी लागतो का?" मी त्याला कारण सांगितलं. हसत हसत त्याने सोडलं. पुढे मुंब्र्याच्या वळणावर एक खडा कपाळाला लागला, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

ठाण्यात चेंदणीच्या कोळीवाड्यात एक काका राहतात. त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली याच जातीची, पण आमच्याहून जुनी गाडी आहे. इंजिन कधीच गेलेलं, खांब मात्र शाबूत. अनेकांनी मागितले, त्यांनी कुणालाच दिले नाहीत.

"एक दिवस मी ही चालू करणार हाय," काका म्हणाले. "खांब दिले तं मंग ऱ्हायलं काय?"

"हे मी लग्न होऊन आले तवापासून ऐकतंय," काकू आतून म्हणाल्या. "गाडी चालू व्हईल तवा व्हईल, सध्या माझे बोंबील तरी सुकतात तिच्यावर."

मी दिव्याचं सांगितलं. काकांनी उठून ताडपत्री बाजूला सारली. मग म्हणाले, "अगं, तो पाना दे इकडं." पैशांचं नाव काढू दिलं नाही. मंगळवार म्हणून काकूंनी मला तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी वाढली. खांब जुन्या लुगड्यात गुंडाळून दिले, बाळ द्यावं तसे.

तिथून शहाडला. स्टेशनजवळच्या गल्लीत एक फिटर जुन्या गाड्यांची कामं करतो. त्याने खांब लावून पाहिले आणि मान हलवली. काकांच्या गाडीची काच मागे झुकलेली असते, आमची सरळ उभी. शिवाय खांबाचा पाय सपाट, तर आमच्या गाडीचं बोनेटमागचं अंग गोलाकार.

"काका, पाय तिरका कापावा लागेल, खाली पाचर द्यावी लागेल," फिटर म्हणाला. "पण एक बार काटा तो काटा. त्या दुसऱ्या गाडीला परत नाय बसणार. सोच लो."

मी ठाण्याला फोन लावला. पलीकडे काकू कुणाला तरी ओरडत होत्या. काका म्हणाले, "काप रं. दिवा नीट जाव दे."

पाय कापले. तरी खांब सारखे उभे राहीनात! मिरवणुकीत गाडीचं अंगच एका बाजूला दबलं होतं. शेवटी पुठ्ठ्यावर माप घेऊन दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जाडीच्या पाचरी केल्या. खांब झाळायचे की बोल्टने बसवायचे, असं फिटरने विचारलं. मी बोल्ट म्हटलं, पुढे दुरुस्तीला बरं. काच कल्याणहून कापून आणली. असं काम करणार असाल तर खिडकीची साधी काच मुळीच घालू नका. गाडीचीच, दोन थरांची मागा.

दुसऱ्या दिवशी काम आटोपून निघताना मी वाळू भरलेल्या डब्यात निरांजन ठेवून पेटवलं आणि डबा काचेमागे ठेवला. शहाडच्या पुलावर भरपूर वारा होता. ज्योत वाकली, पुन्हा उभी राहिली. घरापर्यंत टिकली. वाटेत मी देवीचं नाव घेत होतो, ते फक्त ज्योतीसाठी नव्हतं, बोल्टसाठीही होतं.

लग्नाच्या दिवशी नवरीला आणायच्या आधी मी देवळात तेलवात करत होतो. परत आलो तर काच भिंतीला टेकवलेली आणि खांब गोणपाटावर पडलेले.

"व्हिडिओवाला बोलला, काचेवर लाइट मारतो," दादा म्हणाला. "चार बोल्ट तर होते. उद्या लाव परत."

"आणि दिवा?"

"तू पण ना! आणलाय." त्याने खिशातून बॅटरीवरची प्लास्टिकची पणती काढली. "वारा काय, पाऊस आला तरी विझणार नाय."

पाहुणे खोळंबले होते. नवी सून ती पणती ओंजळीत धरून गाडीत बसली. वर ड्रोन घरघरत होता. उंबरठ्यावर तिने मला हळूच विचारलं, "काका, आई म्हणाली होती खरा दिवा असतो. मी काही चुकले का?"

"नाही गं बाळ," मी म्हटलं. देवघरात ती पणती समईशेजारी ठेवली. रात्रभर लुकलुकत होती. तिचं बटण कुणालाच सापडेना.

मला दादापेक्षा ठाण्याच्या काकांचा राग जास्त सतावत होता, जो त्यांना अजून आलाच नव्हता. त्यांना काय सांगू? खांब परत नेऊन द्यावेत, तर कापलेले पाय त्यांच्या गाडीला बसणार नाहीत. आता ते फक्त आमच्याच गाडीला बसतात. आणि पुढच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस होता. दादाने गाडीचा शब्द देऊन टाकला होता.

परवा मी खांब बसवले, काच चढवली, बोल्ट आवळले आणि पुन्हा शिळफाट्याच्या रस्त्याला लागलो. या वेळी चष्मा लागला नाही. कोळीवाड्यात काकांसमोर गाडीच्या कागदांवर सह्या केल्या. काका नाही म्हणत राहिले. काकूंनी मात्र चावी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "घ्या. निदान ही तरी चालते."

बसने घरी आलो. दादा ओट्यावरच बसला होता.

"गाडी कुठंय?"

"ठाण्याला. दिली."

"केवढ्याला?"

"विकली नाही, दादा. दिली."