ओल्या कपड्यांची पिशवी

उज्जैनात घर म्हटलं की महाकालाच्या दर्शनाला येणारे नातेवाईक आलेच. जळगावचे, नागपूरचे, कधी कुणाच्या नणंदेचे शेजारीसुद्धा. पहाटे क्षिप्रेवर आंघोळ, मग दर्शन, मग हातात ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे. सासूबाई दारातच हात पुढे करायच्या. चहा नंतर, आधी कपड्यांचा पिळा. ते कपडे धुऊन, गच्चीवर वाळवून, घड्या करून परत पाहुण्याच्या पिशवीत जायचे. नवी होते तेव्हा मला हे जरा अतीच वाटायचं. दुसऱ्यांचे टॉवेल आपण का धुवायचे? पण सासूबाईंचं म्हणणं, ओलं घेऊन गेलं की माणसाला प्रवासभर दर्शनाऐवजी कुबट वासच आठवतो.

मागच्या वर्षी त्या अंगणात घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन छान झालं, पण हातात वॉकर आला आणि न्हाणीत पाटावर बसून कपडे धुणं सुटलं. पाहुणे आपले भले. सासूबाईंना त्रास नको म्हणून त्यांनी ओल्या पिशव्या लपवायला सुरुवात केली. सासूबाईंची जळगावची भाची आली होती, तिनं आपली पिशवी सोफ्याखाली सरकवली. तिथून पाण्याचा ओघळ थेट सासूबाईंच्या पायापर्यंत आला. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता लोक माझ्यापासून ओले कपडे लपवून राहिले."

त्या दिवशी जेवल्या तेही नावाला. सासूबाई बोलल्या तर मी दिवसभर उलट उत्तरं देऊ शकते, पण त्या गप्प बसल्या की माझ्यानं सहन होत नाही. मी वापरायचे ते जुनं दोन टबांचं मशीन तसंही गळत होतं. मी नवऱ्याला सांगितलं, नवीन घेऊ, पण असं घेऊ की आईंना स्वतः चालवता आलं पाहिजे.

मग सल्ल्यांना ऊत आला. वरून कपडे टाकायचंच घ्या, म्हातारपणी वाकायला नको, असं अख्ख्या कॉलनीनं एकमुखानं सांगितलं. माझाही कौल त्यालाच होता, आणि त्यात थोडा स्वार्थ होता. मशीन सुरू झाल्याशिवाय मला मोजे आठवत नाहीत. वरच्या झाकणाच्या मशीनमध्ये मधेच काही टाकता येतं, पुढच्या दाराचं एकदा लागलं की लागलं. नवरा एकटाच पुढच्या दाराची बाजू घेत होता, त्यात पाणी कमी लागतं म्हणून. त्याचं कोण ऐकतो?

सासूबाई हट्टानं दुकानात आल्या. फ्रीगंज बाजारातल्या त्या दुकानात सेल्समननं मोठ्या अदबीनं मशीनचं वरचं झाकण उघडलं. "देखिए माताजी, झुकना ही नहीं है." सासूबाई दोन्ही हातांनी वॉकर धरून उभ्या होत्या. आत डोकावल्या. तळापर्यंत हात पोचतो का बघायला एक हात सोडला, आणि वॉकर पुढे सरकला. मी मागून धरलं म्हणून बरं. मला सेल्समनचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या चकचकीत झाकणाचाही आला. वाकायचं नाही एवढंच आम्ही पाहत होतो. उभं राहायलाच त्यांना दोन्ही हात लागतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाला आवडेल ते घ्या," त्या म्हणाल्या. "आता ते काम तुझंच." आणि दम खायला जवळच्या खुर्चीवर बसल्या.

ती खुर्ची नेमकी स्टँडवर ठेवलेल्या पुढच्या दाराच्या मशीनसमोर होती. त्यांनी दाराची गोल काच निरखली. मग हात लांब करून दार उघडलं. आत कोपरापर्यंत हात घातला, ड्रम फिरवून पाहिला. खांद्यावरची शाल काढून आत टाकली, दार लावलं, उघडलं, शाल बाहेर काढली. सगळं बसल्या जागी. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, हे तर बसून धुवायचं मशीन आहे."

जन्मभर त्यांनी बसूनच कपडे धुतले होते. माझे डोळे भरून आले आणि मी उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. सेल्समननं प्रामाणिकपणे सांगितलं की यात मधेच कपडा टाकता येणार नाही. "हिचे मोजे ना?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांची फिकर नको. ते मी बघते."

आणि बघतात. मशीन मागच्या खोलीत आहे, समोर हातांची खुर्ची. मी मोजे घेऊन धावत गेले तर त्या शांतपणे सांगतात, गाडी सुटली. माझे मोजे दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं जातात.

गेल्या महिन्यात तीच भाची पुन्हा आली. मशीनचं तिला माहीत नव्हतं. तिनं पिशवी या वेळी दाराबाहेर चपलांच्या मागे दडवली होती. सासूबाईंनी तिच्याबरोबर निवांत चहा घेतला, सगळ्यांची चौकशी केली, मग वॉकर घेऊन थेट चपलांपाशी गेल्या.

"मावशी, राहू दे ना," भाची कळवळून म्हणाली. "घरी जाऊन धुवेन मी."

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. मी पिशवी उचलली आणि आम्ही तिघी मागच्या खोलीत गेलो. त्या खुर्चीत बसल्या, हात पुढे केला. अगदी पूर्वी दारात करायच्या तसा. "दे पिळा. तुझ्या बसला वेळ आहे."

भाचीनं एकेक कपडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो झटकून आत टाकला. कपडे फिरायला लागले तशी भाची खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली आणि मावशीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. दोघी कितीतरी वेळ काचेतून बघत होत्या. मी स्वयंपाकघरात निघून आले.

संध्याकाळी देवास गेटच्या बस स्टँडवर जायची वेळ झाली तेव्हा सगळं वाळलं होतं, एक जाड टॉवेल सोडून. भाची म्हणाली, एवढा चालेल, नेते तसाच. सासूबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"ओला नाही न्यायचा," त्या म्हणाल्या. "वाळला की मी घडी करून ठेवते. न्यायला ये."