हाडात उभ्या दाढा

लेक तेव्हा पहिलीत होती. दोन दिवस तिनं भाकरीला हात लावला नाही. नुसतं वरण प्यायची आणि विचारलं की म्हणायची, "पोट दुखतंय." तिसऱ्या दिवशी मी वेणी घालत असताना ती एकदम रडायलाच लागली. तोंड उघडायला लावलं, तर खालचा पुढचा दात हलत होता आणि त्याच्या मागून दुसराच एक डोकावत होता.

"मम्मी, मी आता आजोबांसारखी होणार?"

आजोबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर बमरोलीच्या कारखान्यात कापडाचे लूम चालवून आता घरी बसलेले, आणि तोंडात एकही दात नाही. पोरीनं मनाशी काय हिशेब मांडला होता, ते मला तेव्हा कळलं.

पण मागचा तो दात पाहून मीही घाबरले. साड्यांना लेस लावायचं काम तसंच टाकून तिला दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. सासरेही काठी घेऊन सोबत निघाले.

बाईंनी जबड्याचा एक्स-रे फोटो काढून दाखवला. दुधाच्या दाढांखाली, थेट हाडात, मोठ्या दाढा उभ्या होत्या. मी बघतच राहिले. हे तोंड मी रोज धुते, आणि आत एवढं सगळं चाललंय!

"मग देव आधीच मोठे का नाही देत?" मी विचारलं.

"मावतील कुठे?" त्या हसल्या. "जबडा वाढतो, दात वाढत नाही. एकदा तयार झाला की तेवढाच. म्हणून आधी बाळाच्या मापाचे, मग मोठ्या मापाचे. हलणारा दात जिभेनं हलवत राहू दे. तो पडला की मागचा आपोआप पुढे सरकेल."

"आणि तिसऱ्यांदा?" सासऱ्यांनी मध्येच विचारलं.

"तिसऱ्यांदाचे मी देते, आजोबा. कवळी!"

ते पोट धरून हसले. ते पाहून लेकही हसली.

दोन दिवसांनी भाकरी खातानाच दात पडला. ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे धावली. तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"मना पहिला दात कोठे पडना, माले याद बी नही," ते आपल्या गावच्या बोलीत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते कवळीचं माप द्यायला गेले, तेव्हा लेक त्यांचा हात धरून खुर्चीशेजारी उभी राहिली आणि सारखी सांगत होती, "आजोबा, घाबरू नका, काही दुखत नाही."